विधी, नियम आणि खारे पाणी

यज्ञासाठी आणलेल्या व्रीहींचे तूस उखळात कांडूनच काढावे असा विधी आहे. आणि तेच तूस नखांनीही निघण्यासारखे असता कांडण्याचाच आग्रह कशासाठी, या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या शंकेवर मीमांसकांनी केलेली चर्चा मूर्तिजापुरात काँक्रीटचे ओतकाम करवून घेणाऱ्या अभियंत्याने वाचावी, असे म्हटल्यास कोणी हसेल, तर हसो बापडा. त्यांचे उत्तर असे की, तूस निघणे हे दृष्ट फल कोणत्याही उपायाने साधते, परंतु नेमलेल्या उपायानेच ते साधल्यास एक अदृष्ट निपजते व त्यावाचून यज्ञ पुरा होत नाही; असा उपाय बांधून देणाऱ्या विधीला ते नियम म्हणतात.

काँक्रीटला बळ किती हवे एवढेच लिहून मिश्रण कंत्राटदारावर सोपवावे, की सिमेंट, रेती, गिट्टी व पाणी यांची मापेही आपणच बांधून द्यावीत, हा अभियंत्यापुढील पेच याच जातीचा आहे. एम २० प्रतीचे काँक्रीट म्हणजे त्याच्या १५० मिलिमीटरच्या क्यूबने २८ व्या दिवशी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन भार पेलावा, आणि शंभरांत पाचांहून अधिक नमुने त्याखाली उतरू नयेत. हे दृष्ट फल होय. रेती-गिट्टीची वाटणी कशी केली, याची उठाठेव अभियंत्याने करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण माप आणि बळ दोन्ही त्यानेच फर्मावले व क्यूब नापास झाला, तर कंत्राटदार हुकमाबरहुकूम काम केल्याचे सांगून मोकळा होतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीच्या पाच कारणांत कर्ता आणि करण, म्हणजे साधन, वेगळे मोजले आहेत. करविणाराच सर्व ठरवू लागला, म्हणजे कर्त्याचे नुसते करण होते.

परंतु मूर्तिजापूर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहे. येथील विहिरीचे खारे पाणी मिश्रणात पडले, तरी २८ व्या दिवशीचा क्यूब बहुधा तक्रार करीत नाही. त्या पाण्यातील क्लोराइड मात्र काँक्रीटमधील अल्कलीमुळे सळईवर धरलेला संरक्षक पापुद्रा भेदते, सळई गंजते, गंज फुगतो, आणि कैक वर्षांनी छताचे पोपडे गळू लागतात तेव्हा कंत्राटाची मुदत केव्हाच सरलेली असते. मीमांसकांचे अदृष्ट डोळ्यांना कधीच दिसत नाही; हे दिसते, पण जाब विचारण्याची वेळ टळल्यावर.

तेव्हा येथे नियमच हवा. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत पाण्यातील क्लोराइडची मर्यादा सळईविरहित काँक्रीटसाठी लिटरमागे २,००० मिलिग्रॅम, तर सळई असलेल्यासाठी अवघी ५०० आहे. हवापाण्याचा मारा मध्यम असलेल्या स्थितीतही सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे किमान ३०० किलो सिमेंट आणि सिमेंटच्या निम्म्याहून अधिक नाही इतके पाणी, असे बंधन आहे; क्षारयुक्त जमिनीत ते आणखी कडक होते. बळ थोडक्या सिमेंटात भरले, म्हणून यात सूट मागता येत नाही. ही बंधने, आणि पाण्याची जागा बदलताच नमुना पुन्हा तपासण्याची अट, निविदेच्या मसुद्यात निःसंदिग्धपणे यावी, व गोड्या पाण्याच्या टँकरचा खर्च अंदाजपत्रकात निराळा धरावा; तो न धरता नुसता नियम लिहिणे म्हणजे बांधकामाशेजारी भरलेली विहीर असताना टँकर आणण्याचे पुण्य कंत्राटदाराच्या माथी मारणे होय.