झाड लावण्याचे पुण्य

झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी आपल्या परंपरेत कधी दुमत झालेले नाही. धर्मशास्त्राने यज्ञयागादी कर्मांना ‘इष्ट’ आणि विहिरी, तळी, देवालये, अन्नदान व वृक्षारोपण यांना ‘पूर्त’ अशी नावे देऊन दोहोंची जोडी लावली. आणि ज्या यज्ञाचा अधिकार मोजक्यांनाच होता, त्याच्या शेजारी स्त्रीशूद्रांनाही मोकळे असलेले हे पूर्तकर्म ठेवून लोकधर्माला एक प्रशस्त दार करून दिले. मत्स्यपुराणाने तर एका वृक्षाची योग्यता दहा पुत्रांच्या बरोबरीची ठरविली. परंतु श्रद्धेने मान्य केलेल्या गोष्टीची मीमांसा करणे हा श्रद्धेचा अवमान नव्हे, म्हणून एक प्रश्न येथे सरळ मांडतो. पुण्य कर्त्याला लागते असे आपण मानतो. मग बीपासून झाड होते तेव्हा त्याचा कर्ता कोण? ज्याने बी मातीत पुरले त्याने ते झाड केले काय? आणि केले नसेल, तर त्याचे पुण्य त्याच्या खाती कोणत्या न्यायाने जमा व्हावे?

तयार रोप आणून खड्ड्यात बसविणाऱ्यास हा प्रश्न फारसा जाणवत नाही, कारण झाड झालेलेच त्याच्या हाती येते. तो जाणवतो बियांपासून रोपे करू पाहणाऱ्याला. बारामती तालुक्यातील पणदऱ्याच्या आसपासचा मुलूख यासाठी पाहण्याजोगा आहे. 1885 च्या सुमारास पूर्ण झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भागाची जणू वाटणी केली: कालव्याच्या खाली नदीपर्यंत बागाईत आणि ऊस, वरच्या अंगास पावसाच्या भरवशावरचा जिराईत माळ, आणि त्या माळावर बाभूळ, बोर आणि लिंब. उसाचे कांडे लावले की ऊस येतो, त्यात शेतकऱ्याचे कर्तृत्व उघड दिसते. पण माळावरच्या या झाडांची पैदास पाहू लागले की मनुष्याचे कर्तृत्व किती आखूड आहे ते ध्यानी येते.

बाभळीचे बी तळहातावर घेऊन पाहावे. चपटे, गर्द तपकिरी, दोन्ही अंगांवर एकेक बारीक लंबगोल रेघ असलेले ते बी इतक्या कठीण कवचात बंद असते, की ओल्या मातीत पडूनही पाणी आत शिरत नाही आणि ते दीर्घकाळ जसेच्या तसे राहते. रोपवाटिकेत त्यावर कढत पाणी ओतून, ते त्याच पाण्यात निवत ठेवून मग पेरतात. परंतु जाणत्या लोकांची जुनी तजवीज निराळी आहे. उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात. रात्री धनगराचा कळप शेतात खतासाठी बसला म्हणजे रवंथ करता करता त्यांच्या तोंडून काही बिया गळतात, काही लेंड्यांतून पडतात. आणि वाड्यातून झाडून गोळा केलेले हे बी झाडावरून तोडलेल्या बियांपेक्षा लवकर रुजते. येथे पेरणारा कोण? शेळीला झाड लावावयाचे नव्हते, धनगराला बी निवडावयाचे नव्हते, आणि ज्याने ते बी पेरले त्याला त्याचे कवच उघडता आले नव्हते.

लिंबाची गोष्ट याच्या अगदी उलट. पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो तो पावसाच्या तोंडाशी, सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे करीत बारामतीकडे सरकते त्या दिवसांत. हे बी ताजे असेल तोवरच जिवंत. काही आठवडे डब्यात भरून ठेवले की त्याची उगवण्याची शक्ती नष्ट होते. बाभूळ वाट पाहावयास लावते, लिंब क्षणाचाही उशीर सोसत नाही. दूर हिमालयात, ज्याला तेथील लोक राय म्हणतात त्या स्प्रूस वृक्षाच्या लोंबत्या शंकूंतून सुटलेले पंखधारी बी वाऱ्याबरोबर जाते, हिवाळा बर्फाखाली काढते आणि बर्फ वितळल्यावर अंकुरते. त्याचे रोपटे इतक्या मंद गतीने वाढते, की लागवडीजोगे होईपर्यंत रोपवाटिकेत ते काही वर्षे जपावे लागते. एकाला शेळीचे पोट, दुसऱ्याला ताजेपणा, तिसऱ्याला थंडी: प्रत्येक बीजाची अट वेगळी, आणि त्यांतील एकही अट मनुष्याने घातलेली नाही.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या पुत्राला वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास लावतो, आतील अणुमात्र बीही फोडावयास लावतो, आणि त्यात काहीच दिसत नाही असे श्वेतकेतूने सांगितल्यावर, या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हा महावृक्ष उभा आहे, असे त्याला समजावून श्रद्धा ठेवावयास सांगतो. या संवादाचे तात्पर्य सत्तत्त्वाविषयी आहे. पण त्यातून कर्त्याविषयीही एक बोध निघतो. त्या वडाच्या फळात चिलटाहून लहान असा एक कीटक शिरल्यावाचून बी धरत नाही, आणि वडाच्या बहुतेक बांधवांचा असा कीटकही स्वतंत्र असतो. पुढे ते फळ पक्ष्याने खाऊन बी कोठे टाकावे, हेही कोणाच्या आज्ञेने ठरत नाही.

तर मग मनुष्याकडे काय उरते? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि या पाचांपैकी केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी असंस्कृत ठरविली आहे. ‘दैव’ म्हणजे नशीब, असा सोपा अर्थ आपण करतो. मला वाटते, बीजाच्या बाबतीत तरी दैव म्हणजे इतरांचा वाटा: शेळीचा, पाखराचा, कीटकाचा, पावसाचा आणि काळाचा. तो वाटा मान्य केल्याने कर्त्याचा वाटा शून्य होत नाही. कालव्यावरचा पाटकरी दार उघडतो म्हणून नीरेचे पाणी त्याच्या मालकीचे होत नाही, आणि तरीही त्याने आपल्या पाळीला दार उघडले नाही तर रान वाळते.

हा विचार आपल्या राज्यकारभारातही एके काळी उतरला होता. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय आला आहे. आंबा, फणस यांचे लाकूडही उपयोगाचे. परंतु त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नसून रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाही, असे तेथे बजावले आहे. झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे. रयतेने झाड उत्पन्न केले, असे आज्ञापत्र म्हणत नाही. तिने ते वाढविले, असे म्हणते, आणि एवढ्यावरच तिचा हक्क हुजुरांच्या आरमाराच्या गरजेहून वरचढ ठरविते. हक्काचा उगम निर्मितीत नसून संगोपनात आहे, हा सिद्धांत इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिला गेला असेल.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते. अंकुर फोडण्याचे पुण्य कोणाही माणसाचे नाही. माणसाचे पुण्य आहे ते अंकुर फुटल्यानंतरच्या राखणीचे: उन्हाळ्यात घागरभर पाणी नेण्याचे, ज्या शेळीने बी रुजविण्यास साहाय्य केले तिच्याच तोंडापासून रोपाचा शेंडा काटेरी फांद्या रोवून वाचविण्याचे, आणि ज्याची पूर्ण सावली आपल्या हयातीत पडेलच असे नाही त्या खोडासाठी हे वर्षानुवर्षे करीत राहण्याचे. कोणी विचारील, की मग जे बी रुजलेच नाही त्याचे काय? माझ्या मते तेथेही पुण्य पुरे आहे. योग्य वेळी, योग्य रीतीने पेरून आणि ओल धरून ज्याने वाट पाहिली, त्याने आपल्या वाट्याचे सर्व केले, आणि फळावर ज्याचा अधिकार नाही त्याला अफळाचा दोषही लागू नये.

1950 साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हा देशाला एक सुंदर सण मिळाला. परंतु लागवडीच्या दिवसालाच सारे पुण्य बांधले, तर खड्डे आणि रोपे मोजून दप्तर भरेल, माळ मात्र उघडाच राहील. पूर्तकर्माचा मुहूर्त एका दिवसाचा असला तरी त्याचा काळ झाडाच्या आयुष्याएवढा असतो. म्हणून झाड लावले असे म्हणण्याचा अधिकार बी पुरणाऱ्याला त्या दिवशी मिळत नाही. काही उन्हाळे ते रोप ज्याने जगविले त्याला तो मिळतो, मग बी पुरणारा हात त्याचा असो, शेजाऱ्याचा असो, की कोणाचाच नसो. पक्ष्याने टाकलेल्या बियेचे बांधावर आपोआप उगवलेले लिंबाचे रोप न उपटता जो राखतो, त्याने झाडच लावले आहे, आणि मत्स्यपुराणाने सांगितलेले पुण्य पूर्णतः त्याचे आहे.