पुनर्वसूचा न दिसणारा सोबती



आपले शेतकरी पुनर्वसूच्या पावसास तरणा पाऊस म्हणतात. त्या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून त्याचे तारे दिसत नाहीत. परंतु माघ महिन्यात रात्री अंगणात उभे राहिले असता दोन ठळक तारे जवळजवळ दिसतात. त्यांतील अधिक तेजस्वी व पिवळसर तारा आपल्या सूर्याहून सुमारे ९ पट रुंद आहे. त्याचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारे ३४ वर्षे लागतात.

२००६ साली ज्योतिर्विदांनी प्रसिद्ध केले की, गुरूच्या दुपटीहून जड असा एक वायुमय ग्रह या ताऱ्याभोवती सुमारे ५९० दिवसांत एक फेरी घालतो. तो ग्रह कोणी दुर्बिणीतून पाहिला नव्हता. मग तो कळला कसा? ग्रहाच्या ओढीने तारा किंचित आपणांकडे येतो व किंचित मागे सरतो. तेणेकरून त्याच्या प्रकाशात अल्प फरक पडतो. २५ वर्षांची मोजमापे जुळविली, तेव्हा हा निष्कर्ष निघाला. पुढे २०२१ साली दुसऱ्या विद्वानांनी विचारले, ही हालचाल ताऱ्याच्या स्वतःच्याच फिरण्याने व चुंबकत्वाने तर भासत नसेल ना?

छत्रपती संभाजीनगराच्या आसपासच्या खेड्यांतील उपदेशक बंधू आम्हांस खिन्न होऊन सांगतात, "इतकी वर्षे झाली, गाव ऐकत नाही." बंधूंनो, गाव ऐकत नसेल, पण पाहत आहे. प्रभू गावाच्या डोळ्यांस दिसत नाही. त्याची ओढ आम्हांवर आहे की नाही, हे आमच्या चालीवरूनच कळावयाचे. कापसाच्या वजनात, उसनवार फेडण्यात, सुनेशी बोलण्यात गाव आम्हांस मोजते. आणि तेही एका रविवारी नव्हे, तर वर्षानुवर्षे.

आम्ही स्वतः पाण्याच्या पाळीवरून एका शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरला होता. त्या वर्षी क्षमेवरील आमचा उपदेश कोणाच्या मनास लागला नाही, यात नवल ते काय? आम्ही हलत होतो खरे, पण आपल्याच मोठेपणाभोवती. शेवटी आम्हीच त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याने पाणी पुढे केले, आणि त्या दिवशी आम्हांस उपदेश करावा लागला नाही.

म्हणून विद्वानांप्रमाणे आपणही आपली पुन्हा परीक्षा करावी. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या दारी येत्या रविवारच्या आधी जावे. एवढीशी हालचालही दुरून दिसते.