यंदा काय केलंत?

शाळेत हाती पडलेलं प्रगतिपुस्तक पुढे आयुष्यभर आपली पाठ सोडत नाही. माझ्यासारख्या आयटी कन्सल्टंटला दर आठवड्याला टाइमशीट आणि दर वर्षी अप्रेझल. 'या वर्षात काय साध्य केलंत?' या रकान्यात चार ओळी तरी भराव्याच लागतात. इथल्या विद्यापीठांतही तोच रिवाज. एम.एस. करत असताना मी विभागाची वार्तापत्रं आवडीने वाचत असे. कोणत्या प्राध्यापकांना अनुदान मिळालं, कोणाचा शोधनिबंध छापून आला, कोणत्या कर्मचाऱ्याला पुरस्कार मिळाला. वाचून ऊर भरून येई. पण ज्याचं नाव त्या यादीत नसतं, त्याने खरंच काही केलेलं नसतं का?

एडिनबरा विद्यापीठातले पीटर हिग्ज यांचं उदाहरण घ्या. मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं, याविषयीचा विचार त्यांनी १९६४ साली मांडला. त्यानंतर त्यांनी दहासुद्धा शोधनिबंध प्रसिद्ध केले नाहीत. अलीकडच्या प्रकाशनांची यादी द्या, असं विभागाने विचारलं की ते उत्तर पाठवत, 'काही नाही'. १९८० साली नोबेलसाठी नाव सुचवलं गेलं नसतं, तर आपली नोकरीही गेली असती, असं त्यांना वाटे. २०१२ साली सर्नच्या प्रयोगशाळेत तो कण सापडला आणि २०१३ साली त्यांना नोबेल मिळालं.

कॅटालिन कारिको यांची गोष्ट अधिक कठोर आहे. एमआरएनएवरच्या संशोधनाला अनुदान मिळेना, म्हणून १९९५ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात त्यांना खालच्या पदावर आणण्यात आलं. त्या तरीही काम करत राहिल्या. ड्र्यू वाईसमन यांच्यासह त्यांनी २००५ साली जो महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या पायावर २०२० साली कोविडच्या लशी उभ्या राहिल्या. नोबेल आलं २०२३ साली.

आणि यादीत कोणाला धरायचं, हेही कोणीतरी ठरवतच असतं. जॉन्स हॉपकिन्समधले व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ. शिक्षण हायस्कूलपर्यंत. जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया त्यांनी प्रयोगशाळेत घडवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ती प्रथम झाली, तेव्हा सर्जनच्या मागे स्टुलावर उभं राहून ते मार्गदर्शन करत होते. शस्त्रक्रियेला नावं मात्र दोन डॉक्टरांची लागली. विद्यापीठाने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

मग याद्या बंद कराव्यात का? मला तसं वाटत नाही. मोजमाप नसेल तर साहेबांच्या मर्जीतल्यांचंच फावतं. आपण परमुलखातून आलेली माणसं. इथे ना कुणाची ओळख, ना आपलं आडनाव कुणाला धड उच्चारता येतं. आपल्याला आधार असतो तो दाखवता येणाऱ्या कामाचाच. शिवाय 'काही नाही' म्हणणारा प्रत्येक जण हिग्ज नसतो, हेही खरं.

खरी अडचण वेगळीच आहे. ही तिन्ही नावं आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण शेवटी त्यांचा मान झाला. म्हणजे आपणही पुन्हा फळ पाहूनच झाडाची किंमत केली. १९९५ सालची कारिको आणि २०२३ सालची कारिको, कष्ट आणि सचोटी तीच. बदललं ते जगाला कळलेलं. आणि ज्याने तितक्याच निष्ठेने वीस वर्षं काम केलं, पण ज्याची वाट पुढे बंद निघाली, त्याचं काय? ती वाट बंद आहे हे त्याच्यामुळे इतरांना कळलं, पण कोणत्या रकान्यात ते लिहिणार?

माझ्या मते, यादीवरून कामाची बातमी कळते, कामाची किंमत कळतेच असं नाही. ती कळायला माणसाजवळ बसावं लागतं. कशात अडकला आहात, ते महत्त्वाचं का वाटतं, आजवर काय उमगलं, असं विचारावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि विषयाची जाणही लागते. मोजायला यातलं काहीच लागत नाही, म्हणून आपण मोजत सुटतो. ज्यांच्या सहीवर दुसऱ्याची बढती अवलंबून आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण आज त्या खुर्चीत आहेत, त्यांनी एवढा वेळ काढणं हे मला कर्तव्यच वाटतं.

हेच आपल्या घरालाही लागू आहे. स्मरणिकेत मुलांच्या अभिनंदनाची पानं असतात, ती जरूर असावीत. पण ज्या मुलाचं नाव त्यात नाही, ते कदाचित एखाद्या गणितात, चित्रात किंवा तबल्याच्या एका कायद्यात महिनोन्‌महिने गुंतलेलं असेल. फोनवर आपण सहज विचारतो, "काय विशेष?" पलीकडून येतं, "विशेष काही नाही." तेवढ्यावर फोन ठेवू नये. "बरं, मग सध्या डोक्यात काय चाललंय?" एवढं आणखी विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.