भाड्याचा अपरिग्रह

दवाखान्यांत, सीएंच्या कार्यालयांत बरंचसं सॉफ्टवेअर आता वर्गणीवर चालतं. ॲडोबीने तर 2013पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीनेच दिल्या. मालकी सुटली म्हणजे अपरिग्रह साधला, असं कुणी म्हणेल. ते फसवं आहे. विनोबांनी 1951मध्ये भूदान मागितलं ते जमीन असणाऱ्यांकडे. हातात नसलेलं सोडणार कसं? इथे मालकी विरत नाही, कंपनीकडे साठते. 2009मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची विकलेली ई-पुस्तकंही वाचकांच्या किंडल यंत्रांवरून परस्पर पुसली (पैसे परत केले, हे खरं). सॉफ्टवेअरच्या सुधारणांना खर्च येतो, हा आक्षेप रास्तच. त्याचे पैसे जरूर घ्यावेत. पण वर्गणी थांबली तरी रुग्णाची, हिशेबाची जुनी नोंद उघडलीच पाहिजे. करारावर सही करण्याआधी एवढं कलम शोधा.