कुणाच्या मापाचं घर?

ओसाकातल्या सुमियोशीच्या त्या घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : रात्री पावसात संडासला जायचं तर छत्री घ्यायची? घ्यायची. वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी आखलेल्या १९७६च्या या चिंचोळ्या काँक्रीटच्या घराचा मधला तिसरा हिस्सा उघडं अंगण आहे. झोपायच्या खोलीतून न्हाणीघराकडे ते ओलांडूनच जावं लागतं. माझे एक स्नेही, स्वतः घरं बांधणारे, यावर हमखास चिडतात. म्हणतात, "राहणाऱ्याचं आयुष्य बघून घर आखावं, आपली हौस बघून नाही."

वाक्य बिनतोड आहे. पण सुमारे ५७ चौरस मीटरच्या, दोन्हीकडून चेपलेल्या जागेत ऊन, वारा, आभाळ आणायचं कुठून, याचं उत्तर ते देत नाहीत. शिवाय तिथलं कुटुंब अनेक दशकं त्याच घरात राहिलं. म्हणून मला सोय आणि प्रसंग वेगळे ठेवावेसे वाटतात. सोय फूटपट्टीने मोजता येते. प्रसंग येतो, माणसाला व्यापतो आणि सरतो.

त्याच वर्षी तोयो इतो यांनी तोक्योत 'व्हाइट यू' बांधलं, आपल्या बहिणीसाठी. तिचा नवरा कर्करोगाने गेलेला, दोन मुली लहान. शहराकडे पाठ करून अंगणाभोवती वळलेलं ते घर म्हणजे शोकाच्या मापाने शिवलेला कपडाच. पुढे एकेक जण बाहेर पडलं आणि १९९७ साली घर पाडलं.

घट्ट माप टिकत नाही, असा निकाल देऊन मी मोकळा होणार होतो. पुरावाही हाताशी होता : कियोनोरी किकुताके यांचं १९५८चं 'स्काय हाउस'. खांबांवर उचललेली एकच मोठी खोली, जागा बदलता येईल असं स्वयंपाकघर. मुलांसाठी खाली एक खोली टांगली, गरज सरल्यावर काढून टाकली. सैल घर तरतं!

पण टिकलंच पाहिजे, हे कुणी ठरवलं? जपानच्या करहिशेबात लाकडी राहत्या घराचं आयुष्य २२ वर्षं; पुढे किंमत उरते ती मुख्यतः जमिनीला. सात पिढ्यांचा वाडा हा आपला हट्ट. 'व्हाइट यू' काँक्रीटचं होतं; ते वीसेक वर्षांत फोडणं ही उधळपट्टी, हे मान्य. पण ज्या प्रसंगासाठी ते उभं राहिलं तो सरेपर्यंत त्याने सोबत केली. राहणाऱ्यासाठी आखायचं आणि राहणारे गेल्यावरही ते सगळ्यांना चालावं म्हणायचं, या दोन मागण्या एकत्र नांदत नाहीत. त्यातली एकच निवडायची तर मी पहिली निवडेन.