परत आलेल्याची गोष्ट

एप्रिल १९३६ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात अर्नेस्ट हेमिंग्वेने क्युबाच्या निळ्या पाण्यातल्या मासेमारीवर एक लेख लिहिला. त्यात मोजक्या ओळींत एका म्हाताऱ्या कोळ्याची हकीकत येऊन जाते. काबान्यासजवळ हा माणूस एकटाच होडी घेऊन गेला होता. त्याच्या गळाला प्रचंड मार्लिन लागला आणि त्या माशाने होडी दूर समुद्रात ओढत नेली. दोन दिवसांनी दुसऱ्या कोळ्यांना तो साठ मैल पूर्वेला सापडला. होडीच्या कडेला माशाचं डोकं आणि पुढचा भाग बांधलेला होता, बाकीचा मासा शार्कनी खाल्ला होता आणि ते अजून होडीभोवती फिरतच होते. होडीत तो माणूस रडत होता. हाताशी आलेलं गेल्याच्या दुःखाने त्याला वेड लागायची पाळी आली होती.

पुढे १९५२ साली याच बीजातून ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ आली. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने ती मराठीत आणली. कादंबरीतला म्हातारा होडीत रडत नाही. त्याचे सोललेले हात पाहून किनाऱ्यावरचा मुलगा रडतो. कादंबरी थोर आहे, यात मला शंका नाही. तरी आज सकाळपासून माझ्या मनात आहे तो मासिकातला पहिला माणूस. त्याचं रडणं गोष्टीतून गळलं आणि गोष्ट मोठी झाली. आपल्याकडच्या, पाण्यावर जाणाऱ्या माणसांच्या गोष्टींतूनही नेमकं हेच गळतं, आणि तिथे मात्र त्याने जीव जातात असं मला वाटतं.

कोकणात गळाने मासे गरवायला जाणाऱ्यांच्या गप्पा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ओळखीचं वाटेल. तांबोसा किती मोठा होता ते दोन्ही हात पसरून सांगितलं जातं. तंगूस कुठे तुटली, रीळ कसं रडवत होतं, हेही रंगवून येतं. मग कोणीतरी विचारतं, ‘आणि ती लाट?’ त्यावर उत्तर एका वाक्यात संपतं. ‘आली, भिजलो, वाचलो.’ त्या एका वाक्यात काय काय दडलेलं असतं! पाय कुठे होता, पाठ कुणीकडे होती, भरतीचा कितवा तास होता, हात कशाला लागला म्हणून आज हा माणूस आपल्यासमोर बसला आहे. ऐकणाऱ्या पोरांच्या कामाचं ते सगळं तिथेच राहून जातं, आणि ती पोरं हात पसरून दाखवलेला मासा तेवढा घेऊन पुढच्या रविवारी त्याच खडपावर उतरतात.

खडपाची रीत समजून घ्यायला हवी. रत्नागिरी-गुहागरकडच्या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि पायथ्याशी काळ्या दगडाची फळी पाण्यात शिरलेली असते. ओहोटीला ती उघडी पडते. टोकाला खोल पाणी, तिथेच मासा, म्हणून माणूस टोकाला जातो. जाताना वाटेत गुडघाभर पाण्याची एखादी घळ ओलांडावी लागते आणि जाताना ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. पाणी चढायला लागतं तेव्हा ते समसमान चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला चढणारं पाणी थोडं असतं, दुसऱ्याला त्याहून जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मी भरती येऊन जाते. पहिल्या दोन तासांचा अनुभव घेऊन माणूस अंदाज बांधतो की अजून बराच वेळ आहे. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात मागची घळ छातीइतकी भरते. मासा नेमका याच वेळी चांगला लागत असतो, कारण चढत्या पाण्याबरोबर तोही खडपाला चरायला येतो. माणूस तिथे थांबतो त्याला हावच कारण असते असं मी म्हणणार नाही. चांगला चाललेला हात कोणालाच थांबवावासा वाटत नाही.

आपल्या जुन्या माणसांकडे यासाठी साधा हिशेब होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. कालनिर्णय भिंतीवर असलेल्या घरातल्या कोणालाही हे जमावं. मोबाइलवर आता मिनिटामिनिटाची वेळ मिळते आणि ती अधिक अचूक असते, पण ज्याच्या डोक्यात पाऊणपट बसली आहे तो घरातून निघतानाच परतायची वेळ ठरवून निघतो. मोबाइलवाला बहुधा पोचल्यावर बघतो.

भरतीचं वेळापत्रक तरी असतं. लाटेचं नसतं. आणि लाटेबद्दल एक गोष्ट खडपावर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवी. हवामानाच्या अंदाजात लाटांची जी उंची सांगतात, ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे ‘दोन मीटर’ असं जाहीर झालं असेल, तर त्या दिवशी त्याहून उंच लाटा येणार हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. काही तासांत एखादी लाट जवळजवळ दुप्पट, साडेतीन-चार मीटरची, येऊ शकते. ती काही चमत्कार नव्हे. वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींवर चढतात, त्यातून ती घडते. अर्धा तास कोरडा राहिलेला दगड पुढचा अर्धा तास कोरडा राहील, हे म्हणूनच खरं नसतं. दगडावर शेवाळ किंवा कालवं असतील, तर तिथे पाणी पोचतं एवढं तो दगडच सांगत असतो.

यातही सर्वांत फसवी लाट निरभ्र आभाळाखाली येते. दक्षिण हिंदी महासागरात, इथून हजारो किलोमीटरवर, मोठं वादळ होतं. त्याच्या लांब लाटा काही दिवस प्रवास करत आपल्या किनाऱ्याला लागतात, बहुतेक एप्रिल-मेमध्ये. वारा नसतो, ढग नसतात, भर समुद्रात ती लाट नजरेतही भरत नाही. उथळात आली की उभी राहते. केरळचे कोळी तिला कल्लक्कडल म्हणतात आणि तिचा तडाखा त्यांनाच अधिक बसतो, पण मे २०२४ मध्ये असा इशारा मुंबईच्या किनाऱ्यालाही दिला गेला होता. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था हे इशारे देते. एप्रिल-मे म्हणजे शाळांना सुट्ट्या, मुंबई-पुण्याची पोरं गावाला आलेली, आणि गरवायला जायचा हट्ट. ही लाट आणि ही सुट्टी एकाच मोसमात येतात.

माणूस लाटेला पाठ करतो तो काही विशिष्ट क्षणी. गरी दगडात अडकली की वाकून ती सोडवताना. आमिष लावताना. मासा काढून पिशवीत टाकताना. आणि आता फोटो काढताना. वाचलेल्या माणसांना खोदून विचारा. बहुतेकांची लाट अशाच एखाद्या क्षणी आलेली असते. माझ्या परिचयातल्या एका वयस्क गृहस्थांनी एकदा हे फार खरेपणाने सांगितलं. दहा-पंधरा रुपयांची गरी सोडवायला ते वाकले होते. पाण्याने ओढून नेलं तेव्हा आधी किनाऱ्याकडे पोहायचा प्रयत्न केला, दोनदा दगडावर आपटले, मग सुचलं की दगडापासून लांब, बाहेर जायला हवं. बाहेर तरंगत राहिले आणि एका होडीने उचललं. ‘मी आईला हाका मारत होतो,’ असं ते नातवंडांसमोर म्हणाले. त्या वेळी त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घरातली मुलं आजही गरी अडकली तर तंगूस कापून टाकतात.

माशांनी केलेल्या जखमांबद्दल फार लिहीत नाही, त्या गोष्टी लोक हौसेने सांगतातच. एवढंच की शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा तासभर बुडवून ठेवावी, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं, आणि मग डॉक्टर गाठावा. विजेबद्दलही थोडक्यात. हल्लीच्या बहुतेक दांड्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात दांडीतून गुणगुण ऐकू आली, अंगावरचे केस उभे राहिले, तर दांडी तिथेच टाकून निघावं. दांडी कितीही महाग असो.

खडपावरच्या माणसाला निदान जमीन दिसत असते. खोल समुद्रावर गेलेल्याची गोष्ट वेगळीच. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी ओखी कन्याकुमारीजवळ फार झपाट्याने चक्रीवादळ झालं. केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी होड्या त्याआधीच निघून गेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारा दिला गेला, पण दहा-बारा किलोमीटरपलीकडे मोबाइल चालत नाही, त्यामुळे ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्यापर्यंत पोचवायला साधन नव्हतं. शेकडो माणसं परत आली नाहीत. काही होड्या वाऱ्यासमोर उत्तरेला रेटल्या गेल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ अशा ६८ होड्या, ९५२ माणसांसह, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या आहेत. देवगडच्या बंदरात उतरलेल्या त्या माणसांची भाषा इथल्यांना येत नव्हती. पण त्यांनी काय पाहिलं असेल, हे इथल्यांना सांगावं लागलं नसणार. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ कोकणातली कोळ्यांची घरं विसरलेली नाहीत.

ओखीनंतर, २०१९ मध्ये, ‘जेमिनी’ नावाचं एक छोटं उपकरण आलं. उपग्रहावरून येणारा इशारा ते भर समुद्रात मोबाइलपर्यंत पोचवतं. सुरुवातीच्या या उपकरणाने संदेश घेता येत होता, परत पाठवता येत नव्हता. तरीही ते मोठं पाऊल होतं, आणि ते पडलं याचं कारण परत आलेल्यांनी सांगितलं की आम्हाला काहीच कळलं नाही.

साल्वादोर अल्वारेंगा या मच्छीमाराचीही आठवण इथे व्हावी. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तो एका तरुण साथीदारासह मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून निघाला आणि वादळात भरकटला. जानेवारी २०१४ च्या अखेरीस प्रशांत महासागर ओलांडून मार्शल बेटांवर लागला, तेव्हा तो एकटा होता. जगाने आधी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हवाईच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी प्रवाहांचं गणित मांडून दाखवलं की होडी तशी वाहत जाऊ शकते. बरा झाल्यावर तो मेक्सिकोला गेला आणि समुद्रात मरण पावलेल्या साथीदाराच्या आईला भेटला. तसा शब्द त्याने त्या मुलाला दिला होता. समोर बसलेल्या त्या बाईला हात पसरून सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं. जे घडलं तेच सांगायचं होतं.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर खडपावरून गरवणाऱ्यांचे मृत्यू फार होत. तिथल्या हौशी मच्छीमारांच्याच संघटनेने धोक्याच्या जागी खांब रोवून त्यांवर तरंगती कडी लावायला सुरुवात केली. त्यांना ते ‘एंजल रिंग’ म्हणतात. कोणी पाण्यात पडला तर सोबत्याने ते कडं फेकायचं, स्वतः उडी मारायची नाही. २०१६ मध्ये त्या राज्याने कायदाही केला, की ठरवून दिलेल्या धोक्याच्या खडपांवर जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय गरवता येणार नाही. खांब कुठे रोवायचे, हे अशा गोष्टींतूनच ठरतं: कोण कुठे पडला, कुठून वाचला.

आपल्याकडे समुद्रावर अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. पण खडपावरून पडलेल्या माणसाला मिनिटांचाच अवधी असतो आणि मदत बाजूला उभ्या असलेल्यानेच करायची असते. गावातल्या कोणत्या टोकावरून माणसं गेली, हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथे एक खांब, हवा भरलेली ट्रकची ट्यूब आणि तीस मीटर नायलॉनची दोरी एवढं ठेवायला ग्रामपंचायतीला किंवा नारळी पौर्णिमेच्या वर्गणीला जड जाऊ नये. दोरी उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने कुजते, ती दर वर्षी बदलावी लागेल. ट्यूब चोरीला जाईल, ती पुन्हा ठेवावी लागेल. आणि खांबावर त्या जागेची हकीकत लिहावी: कोणत्या तिथीला, भरतीच्या कितव्या तासाला, काय करत असताना. नावं लिहायची गरज नाही.