बाण रंगवावा का?

मागून येणाऱ्यास वाट दाखविणे हे सत्कृत्य आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु दाखविलेल्या वाटेची जबाबदारी कोठवर आपली असते? मुरबाड तालुक्यातील दोन घाटवाटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल, असे आम्हांस वाटते.

पहिली वाट नाणेघाटाची. कोकणातील बंदरांचा माल जुन्नरला नेणारी ही वाट सातवाहनांच्या काळी, दोन हजार वर्षांपूर्वी, राबती होती. खडकात खोदलेला मार्ग, विसाव्यास लेणे, पाण्याची टाकी आणि माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. येथे वाटसरूने केवळ चालायचे.

दुसरी, बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाचा माथा गाठणारी नळीची वाट. येथे ओढ्याचे पात्र हाच रस्ता. आधी मोठमोठे धोंडे, पुढे दोन कातळभिंतींमधील अरुंद घळ आणि अधूनमधून दोराचा आधार घ्यावा असे टप्पे. कोणी दगडावर दगड रचून खूण केलीच, तर ती पावसाळ्यातील लोंढ्यात टिकेल याची शाश्वती नाही.

मग अशा वाटेवर रंगाचे ठळक बाण काढावेत का? दयाबुद्धी म्हणेल, अवश्य काढावेत. घळीत अंधार पडला, पाणी संपले, म्हणजे चुकलेल्या माणसाला एक बाणही देवदूतासारखा वाटेल. ठाऊक असलेली वाट दडवून ठेवणे यात कसला आला मोठेपणा?

तथापि बाण सर्वांना एकच गोष्ट सांगतो. जानेवारीत खरा असलेला बाण जुलैत माणसाला पुराच्या तोंडी देऊ शकतो. त्याला ढग दिसत नाहीत, चालणाऱ्याचे थकलेले पाय दिसत नाहीत. शिवाय बाण दिसला की माणूस स्वतः पाहणे सोडतो. रंगविणारा मात्र केव्हाच घरी गेलेला असतो.

पायथ्याच्या पाड्यावरील वाटाड्याची गोष्ट वेगळी. त्याच्या लेखी ही वाट कधीच बिनखुणांची नव्हती. तो आभाळ पाहतो, आपली चाल पाहतो आणि प्रसंगी म्हणतो, “आज नको.” हे म्हणण्याचे सामर्थ्य कोणत्याही बाणात नाही.

म्हणून आमचे मत असे की, थांबविणारी खूण एकटी उभी राहू शकते. ती चुकली तर बहुधा एक दिवसाचे श्रम वाया जातील. पुढे नेणारी खूण चुकली तर जीव जाईल; तिच्यासोबत माणूस हवा. पावसाळ्यात या वाटेने जाऊ नये, असा फलक पायथ्याशी जरूर असावा. पुढची वाट जाणत्याच्या सोबतीने चढावी.

आपल्या घरांतही आपण मुलांसाठी बाण रंगवीत असतो : हे शिक्षण घे, ही नोकरी धर, येथेच लग्न कर. ते बाण आपण आपल्या ऋतूत काढलेले असतात. मुलांच्या वाटेवर कदाचित पाऊस सुरू झालेला असेल. बाण काढण्यास क्षणभर पुरतो. सोबत चालण्यास आयुष्यातील वेळ द्यावा लागतो. तो देण्याची तयारी नसेल, तर निदान हुकूम देण्याची घाई आपण करू नये.